पाहुण्यांची खुर्ची

मी कुंभार पिंपळगावच्या कडूबांच्या ओसरीतली लोखंडी खुर्ची बोलतेय. बसा की. माझ्यावर बसायला आता कुणी येत नाही.

जालन्याच्या एका वेल्डिंगच्या दुकानात माझा जन्म झाला. एक्याऐंशी साली कडूबांनी मला एसटीच्या टपावर टाकून घरी आणलं. घरात खुर्ची मी एकटीच, म्हणून माझा तोराही मोठा! पाहुणा आला की कडूबांची बायको चतुराबाई मला पदरानं पुसायच्या.

त्यांचा बद्रीनाथ तेव्हा सहा वर्षांचा. एकदा पाहुण्यांसमोर तो हौसेनं माझ्यावर चढला आणि शाळेतली कविता म्हणायला लागला. कडूबांनी त्याला दंडाला धरून खाली ओढलं.

"ऊठ. लई शहाणा झाला का? वर बसायची लायकी हाये का तुही?"

पाहुणे हसले. कविता अर्धीच राहिली.

कडूबा वाईट नव्हते हो. बद्रीची पाठ वळली की त्याचे मार्क गावभर सांगायचे. तोंडावर कौतुक केलं की पोर बिघडतं, ही त्यांची समजूत. शेजारचे सांडू मात्र चारचौघांत आपल्या पोरीला विचारायचे, "तुला काय वाटतं गं, गिरिजा?" ती पोरगी बोलायला कुणाला भ्यायची नाही. मला कडूबांचा राग यायचा, पण लोखंडाचं कोण ऐकतं?

सत्त्याण्णव साली बद्री एमआयडीसीतल्या बियाण्याच्या कारखान्यात मुलाखतीला गेला. शेतकीच्या डिप्लोम्यात पहिला वर्ग होता त्याचा. परत आला आणि माझ्या पायाशी बसून आईला सांगू लागला.

"साहेब तीनदा बसा म्हनले. खुर्ची समोरच व्हती. मह्याच्यानं बसवलंच न्हाई."

"मंग?"

"मंग म्हनले, काम जमंल का? म्या म्हनलं, मला काय जमतंय, साहेब."

कडूबा दारात उभे राहून ऐकत होते. त्या दिवशी ते जेवले नाहीत. बद्री त्याच कारखान्यात पोती उचलायला लागला.

आता चतुराबाई नाहीत. माझा रंग उडालाय, एक पाय वाकलाय. परवा बद्री सणाला आला, तर थकलेल्या कडूबांनी मला धोतराच्या सोग्यानं पुसलं.

"बद्री, बस की वर."

"राहू द्या, दादा. इथंच बरंय."

कडूबाही त्याच्याजवळ खालीच टेकले. मग कडूबा हळूच म्हणाले, "ती कविता पुढं कशी व्हती रे?"

"कोनती?"

कडूबांनी नुसता माझ्यावर हात ठेवला. बद्रीनं मान खाली घातली.

"आठवत न्हाई, दादा."

तुमच्या घरी एखादं लेकरू खुर्चीवर चढून काही म्हणत असेल, तर पुरतं ऐकून घ्या. त्या कवितेचं पुढचं मलाही ठाऊक नाही.