पुढच्या सोप्यावर

शेजारच्या रुकय्याबीच्या घरातलं रडणं सकाळी मोठं होतं. दुपार झाली तसा तो आवाज बसला, आणि गौरवीला तो बसलेला आवाजच जास्त सहन होईना. रुकय्याबीची नात, महिन्याभराची पोर. तिची आई शमीम तापाने इस्पितळात, औषधं अशी की अंगावर पाजायचं नाही. पावडरचं दूध पोटात गेलं की तसंच बाहेर येई. साखळी गावातल्या डॉक्टरांनी चमच्याने घालत राहा म्हणून सांगितलं होतं, पण पोर चमचा जिभेने लोटून देत होती.

गौरवीचा दुर्वेश पाच महिन्यांचा. तो पिऊन झोपला होता, तरी भिंतीपलीकडे पोर कण्हली की गौरवीचा ब्लाऊज भिजत होता.

“आई, मी त्या पोरीक पाजतंय,” ती सासूला म्हणाली.

चंद्रावती आदोळीवर नारळ खवत होती. हात थांबला. “खुळी जालीस? आज सोमवार, देवाचो दीस. आणि आमच्या भुरग्याचं दूध वाटून घातलंस, त्याका कमी पडलं मगे?”

“कमी कशाक पडतला? सांडतां तें.”

“दृष्ट लागता, बाये. आणि लोक काय म्हणतले?”

“लोकांक रडणं आयकू येत नाय?”

गौरवीचा नवरा रुद्रेश डिचोलीच्या कारखान्यातून जेवायला आला होता. तो सणाला समई घासून द्यायचा, पण हात जोडायचा नाही. चंद्रावती त्याच्याकडे वळली. “सांग रे तुझ्या बायलेक! तुका देव नाय, पण अक्कल तरी आसा मरे?”

रुद्रेशने हात पुसले. “शमीमला विचारलं कोणी?”

चंद्रावतीने परत नारळ उचलला.

“पोर तिची. हंय ठरवणाऱ्या तुम्ही दोघी कोण?”

त्याने फोन लावला. नर्सने आधी गौरवीच्या बाळंतपणातल्या तपासण्यांबद्दल खोदून विचारलं, मग हरकत नाही म्हणाली. फोन शमीमकडे गेला. रुद्रेशने आपला फोन गौरवीच्या कानाला लावला. शमीम बारीक आवाजात म्हणाली, “वैनी, डाव्या अंगाक घे. उजवीकडे ती तोंडच लावत नाय.”

चंद्रावतीने खवलेलं खोबरं ताटात आपटलं. “कर काय ता. पण मागच्या दाराने जा. वाड्यार कोणाक कळता नये.”

अर्धं तरी जमलं म्हणून गौरवी मागल्या दाराने गेली. रुकय्याबीने तिचे दोन्ही हात धरले, डोळ्यांना लावले. पण ‘कोणाक सांगू नका’ ऐकताच हात सुटले.

“चोरून नाय, बाये.”

“म्हणजे?”

“आमच्यांत दूध पाजलं की तू हिची आवय जालीस. तुझो दुर्वेश हिचो भाऊ, जल्मभर. उद्या ह्या दोघांचं लग्न होऊ शकत नाय. तें चार जणांक ठावकं आसूक जाय. लपवून जोडलेलं नातं मागीर सांगतलो कोण?”

“आधी पोटाक घालूया, नातं मागीर बघू!”

“पोट कोणीय भरता. म्हाका वर अल्लाक जवाब दिवचो आसा.” म्हातारीने पोर खांद्यावरून काढली नाही. पोरीचे ओठ कोरडे पडले होते.

गौरवीला राग आला. सासूचा, हिचा, दोन दारांचा. मग तिने हात पुढे केले. “दी तिका. चला, साक्षीने तर साक्षीने.”

ती पुढच्या दाराने निघाली. अंगण ओलांडून आपल्या सोप्यावर चढली, खांबाला टेकून बसली. समोर साखळीच्या बससाठी वाड्यावरची सुविधा छत्री घेऊन उभी होती. खनिजाचा ट्रक गेला, तांबडी धूळ उडाली. गौरवीने पदर ओढला.

चंद्रावती धावत बाहेर आली. “गो, भितर ये!”

“साक्षीक बायलमनीस लागता. तुम्ही बसा, आई.”

“मी?”

रुकय्याबी पायरीखालीच थांबली होती. “चंद्रावती, उद्या ह्या दोघांचं लग्न...”

“लग्न? आमच्या दुर्वेशाचं? ह्या पोरीकडे?”

“आता होवचं नाय म्हणून तर सांगतंय!”

चंद्रावतीने क्षणभर विचार केला. ताणलेलं तोंड सैल पडलं. “मगे बरेंच जालें की!”

“म्हाकाय बरेंच वाटलें,” रुकय्याबी म्हणाली, आणि दोघी एकमेकींकडे बघून चक्क हसल्या.

पोर मात्र तोंड फिरवत होती. वास परका, छाती परकी. गौरवीने तिला डावीकडे घेतलं, दुधाचा थेंब ओठांवर टेकवला. पोर रडली. परत थेंब. गौरवीच्या कपाळावरून घाम ओघळला, पण तिने हात सैल केला नाही.

“कोणाचं गो भुरगें?” रस्त्यावरून सुविधा ओरडली.

गौरवीने मान वर केली नाही. चंद्रावती सोप्यावर मांडी घालून बसली आणि म्हणाली, “शमीमचं! आमची गौरवी पाजता तेका. मी हंयच बसलंय, बघ!”

आवाज असा, की सुविधा परत बसच्या वाटेकडे बघायला लागली.

आणि तेवढ्यात ओठ चिकटले. एक घोट, मग थांबून दुसरा, मग घाईघाईने. रुकय्याबी पायरीवर बसली आणि दुवा पुटपुटायला लागली.

आत दुर्वेश जागा होऊन किंचाळला. गौरवी सवयीने उठायला गेली, पण चंद्रावतीने तिचा खांदा दाबला.

“बस तू. तो वायंच थांबतलो. भैण पिता त्याची.”