कारणाचा रकाना

थोरल्याने सहा तासांच्या ठिपक्यांभोवती चौकट ओढली आणि खोडायच्या बटणावरून बोट उचलून घेतलं. पडद्यावरची रेघ सकाळी पावणेसातला वर चढायला लागली होती. ती चढत राहिली दुपारी एकला पाच कमी असेपर्यंत, आणि मग हळूहळू उतरली.

“काय हो, घोडं कुठे अडलं?” विभागप्रमुख बाईंनी मागून विचारलं. “समुद्राने हिवाळ्यात किती कार्बन गिळला, तो अंदाज पाठवायचाय ना?”

“हे सहा तास.”

बाई चष्मा सावरत वाकल्या. “इतका गार उत्तरेचा समुद्र, वर वादळ, आणि तो कार्बन गिळायचा सोडून ओकतोय? काढून टाका. वादळी वाऱ्यात देवघेव जोरात, म्हणून हिशेबात हे तास सगळ्यांत भारी, अख्खा हिवाळा उलटा दाखवतील. फक्त कारण लिहायला विसरू नका.”

काढलेल्या प्रत्येक नोंदीपुढे कारण लिहायचं, हा त्यांच्या कामाचा दंडकच होता. ती फाइल पुढे जगात कुणीही उघडून वाचू शकत असे.

कारण थोरल्याला पहिल्या नजरेतच कळलं होतं. जहाजाच्या पुढच्या टोकाला यंत्राची खोली होती, मोठ्या कपाटाएवढी. पंपाने समुद्राचं पाणी एका झाकलेल्या भांड्यात यायचं आणि त्या पाण्यावरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड किती, ते यंत्र मोजायचं. भांड्यात खोलीतली हवाही थोडीफार शिरायचीच. म्हणून दार उघडं ठेवायचं आणि आत रेंगाळायचं नाही, असा नियम होता. यंत्र सांभाळणारा त्याचा धाकटा भाऊ तो पाळेल तर शपथ. रेघ फुगलेली दिसली की थोरला फोनवर त्याची हजेरी घ्यायचा.

“काल तासभर दार लावून आत बसला होतास ना? तुझ्या श्वासाने माझा समुद्र नासतोय.”

“मग काय, श्वास घेणं सोडून देऊ?” धाकटा हसायचा. “बाहेर थंडीने मरतो रे दादा.”

त्या हसण्याला आता दीड महिना झाला होता. कंपनीच्या पत्रात मोजून तीन ओळी होत्या. वादळात यंत्राचा सिलिंडर सुटून दारावर आदळला आणि पावणेसातला मोठा आवाज झाला. तंत्रज्ञ जागीच ठार. समुद्र शांत झाल्यावर, संध्याकाळी, दार उघडण्यात आलं. आई त्यातला ‘जागीच’ तेवढा उराशी धरून बसली होती. भेटायला येईल त्याला सांगायची, “जागीच गेला हो. कळलंसुद्धा नाही त्याला.”

आणि इथे रेघ सहा तास दहा मिनिटं चढत होती. आवाज ऐकणारे होते, मग दाराशी जाणारं कुणीच कसं नव्हतं? त्याने कारणाच्या रकान्यात ‘यंत्रात बिघाड’ असं लिहिलं आणि ठिपके काढून टाकले. हिवाळ्याचा आकडा सुतासारखा सरळ आला.

“सकाळी पाठवतो,” तो बाईंना म्हणाला.

घरी आई जमिनीवर धाकट्याची बॅग उघडून बसली होती. मोज्यांच्या जोड्या लावणं चाललं होतं.

“आज उशीर केलास.”

“त्याच्या यंत्राचे आकडे आले होते.” बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली.

आईचे हात थांबले. “त्यात दिसतं?”

“काय?”

“किती वेळ होता ते.”

थोरल्याने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

“ओळख पटवायला शवागारात मी गेले होते. तुला बघवेना, तू बाहेर थांबलास,” आई म्हणाली. “त्याची नखं गेली होती रे. दोन्ही हातांची. दार खरवडून खरवडून.”

“मग तू सगळ्यांना जागीच गेला, जागीच गेला...”

“तू ऐकत असायचास म्हणून.”

तो तिच्याजवळ खाली बसला. एका मोज्याचा जोडीदार सापडत नव्हता. तिने तो तसाच मांडीवर ठेवला.

“सांग आता. अंदाज करायचं तर तुझं कामच आहे.”

“अंदाज नाही, आई. सहा तास दहा मिनिटं. एकला पाच कमी असेपर्यंत, आपल्याच घड्याळाने.”

तिने मांडीवरचा मोजा हाताने सरळ केला.

“म्हणजे मी जेवून आडवी झाले होते,” ती म्हणाली. “छान झोप लागली होती त्या दुपारी.”

सकाळी विभागप्रमुख बाईंनी फाइलवरून शेवटची नजर फिरवली आणि त्या रकान्यापाशी थबकल्या. तिथे आता लिहिलं होतं: ‘यंत्र नीट चालू होतं. खोलीचं दार बंद होतं. आत एक माणूस ०६:४५ ते १२:५५ श्वास घेत होता.’

“अहो, हे जहाजवाले वाचतील,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. “यंत्रात बिघाड म्हटलं तरी आकडा तोच येतो.”

“हो, आकडा तोच येतो,” थोरला म्हणाला आणि त्याने फाइल पाठवून दिली.