काकूंना आत सोडू नये

तिसरं दार

सासूबाई सॅम्पलच्या खोलीत स्टुलावर ऐसपैस बसल्या होत्या. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात, आणि चेहऱ्यावर अशी शांतता, जणू खोली त्यांच्याच नावावर आहे.

"आलीस?" त्या सुनेला म्हणाल्या. "किती वेळ लावलास! आणि इथे पंखा नाही का गं?"

पंखा नव्हता, कारण या खोलीत बसायला कुणी यावं अशी अपेक्षाच नव्हती. कंपनी श्रवणयंत्रं बनवायची. करंगळीच्या नखाएवढं नवं यंत्र, जे अजून बाजारात आलं नव्हतं, ते या खोलीत ठेवलेलं असे. मागच्या वर्षीचं यंत्र बाजारात यायच्या आधीच दुसऱ्या कंपनीने हुबेहूब तसंच काढलं होतं. नमुना बाहेर कसा गेला, ते शेवटपर्यंत कळलं नाही. म्हणून मग दारं तीन झाली, कॅमेरे वाढले, आणि तरीही सासूबाई स्टुलावर होत्या.

सुनेने हात पुढे केला. सासूबाईंनी पर्स उघडली, चष्म्याचं घर काढलं आणि त्यातून दोन यंत्रं तिच्या तळहातावर ठेवली.

"दोन?"

"मग? कान दोन असतात."

दुसरं दार

आता मागे मागे जाऊ, म्हणजे दाराबाहेर.

दुसऱ्या दारावर जी पहारेकरीण होती, तिला सगळे बडबडी म्हणत. एरवी तिचं तोंड बंद होत नसे, पण आता खाली मान घालून उभी होती.

"मॅडम, त्यांच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. मी माझं कार्ड लावलं आणि दार धरलं. पुढचं तिसरंही मीच उघडून दिलं. कुणीही धरलं असतं की नाही?"

"त्या कोण होत्या?"

"काकू होत्या."

"कुणाच्या?"

बडबडी विचारात पडली. हा प्रश्न तिला सुचलाच नव्हता.

पहिलं दार

मुख्य गेटवरच्या पहारेकऱ्याला सगळे मिशी म्हणत. नावाप्रमाणेच मिशी दांडगी, ओठांच्या दोन्ही बाजूंना टोकं वर वळलेली. तिच्याकडे बघून ट्रकवाले हॉर्न वाजवायचं विसरत. त्याने तर सासूबाईंना सलाम ठोकला होता.

"वयस्कर बाई, मॅडम. माझ्या आईच्या वयाच्या. त्यांना 'कोण हो तुम्ही, कुठे चाललात' असं तोंडावर कसं विचारायचं? मला भीड पडते."

रस्ता

थांबा. तुम्हीही विचारलं नाहीत. या बाई कोण, इथे का आल्या, त्यांना पाठवलं कुणी? काकू दिसल्या, सोडलंत गोष्टीत आत. मिशीला हसायचा हक्क आपल्याला नाही.

सासूबाईंना सुनेनेच पाठवलं होतं. सून या कंपनीची सुरक्षाप्रमुख. तिच्या हाताखाली चौदा माणसं, आणि ती चौदाही माणसं या महिन्याअखेर घरी बसणार अशी चिन्हं होती. कंपनीच्या आर्थिक कारभाराचे प्रमुख, ज्यांना सगळे हिशेबसाहेब म्हणत, त्यांनी बैठकीत ठराव मांडला होता की हा विभागच बंद करावा आणि चेहरा ओळखून उघडणारी दारं बसवावीत.

"माणूस भिडेला बळी पडतो," ते म्हणाले होते. "मशीनला भीड नसते."

ती ताडकन उठली होती. "मशीनला संशयही येत नाही, साहेब."

कंपनीच्या मालकीणबाई दोघांकडे आळीपाळीने बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "या महिन्यात बाहेरचा एक माणूस येईल. कोण, कधी, कसा, ते मी कुणालाच सांगणार नाही. त्याने नमुना बाहेर नेला, तर विभाग बंद. नेता आला नाही, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही."

म्हणून तो माणूस येण्याआधी तिने घरचा माणूस पाठवून पाहिला. आणि तिला कळलं ते असं, की तिच्याकडे उत्तम कुलपं होती, चांगले कॅमेरे होते, प्रामाणिक माणसं होती, आणि या सगळ्याला पुरून उरणारी एक किल्ली गावभर फुकट वाटलेली होती. तिचं नाव काकू.

सूचना

पहिला मसुदा: *काकूंना आत सोडू नये.*
खोडला. मग मामा येतील.

दुसरा मसुदा: *काका, काकू, मामा, मावशी, आजी, आजोबा यांपैकी कुणालाही आत सोडू नये.*
खोडला. हिशेबसाहेबांनी वाचून विचारलं, "विभाग चालवताय की लग्नाची आमंत्रणं करताय?"

तिसरा मसुदा: *आलेल्या माणसाला नात्याने हाक मारू नये.*
खोडला. मिशीने मनापासून विचारलं, "मग काय म्हणायचं? ए बाई?"

चौथा मसुदा: *'नाही' म्हणावे.*
हा लागला. आणि यानेच घोळ घातला.

नाही

मिशीचा 'नाही' असा निघाला की प्लास्टिकचे सुटे भाग घेऊन आलेला नेहमीचा माणूस गाडी वळवून परत गेला, आणि दिवसभर कारखान्याची एक बाजू ठप्प पडली. हिशेबसाहेबांना आयतं कोलीत मिळालं.

बडबडीचा 'नाही' असा होता: "नाही म्हणजे, तसं नाही काकू, मला काही प्रॉब्लेम नाही, पण म्हणजे वरून सांगितलंय, आता तुम्ही आलाच आहात तर..." एवढ्यात सासूबाई आत.

सासूबाईंना तर ऊत आला होता. एकदा त्यांना गेटवर चक्कर आली. एकदा त्या तावातावाने भांडत आल्या. तिसऱ्यांदा त्यांनी कसलंच सोंग केलं नाही, आणि त्या दिवशी त्या सर्वांत लवकर आत पोचल्या.

"अहो, आता तुम्ही ओळखता ना त्यांना!" सुरक्षाप्रमुखीण मिशीवर कडाडली.

"म्हणूनच तर सोडलं. तुमच्या सासूबाई आहेत."

तिने कपाळाला हात लावला. हात टेकले मात्र नाहीत.

ओटा

घरी ती भांडी जरा जोरातच विसळत होती.

"आई, तुम्हाला कुठल्याच दाराने अडवलं नाही का हो कधी? आयुष्यभरात?"

सासूबाई निवृत्त आरोग्यसेविका. उभी हयात घरोघरी लस टोचत हिंडल्या. लोक त्यांना लांबून बघून कड्या लावत, मुलांना पलंगाखाली दडवत, आणि तरी बाई आत शिरून, पलंगाखालचा दंड शोधून, सुई टोचून बाहेर. सुरक्षा विभागाचं नशीब फिरलं होतं ते असल्या बाईशी गाठ घालून घेतल्यामुळे.

"एकीने अडवलं होतं," त्या म्हणाल्या.

"कुत्रा सोडला?"

"कुत्र्याला कोण भितंय! तिने खुर्ची आणली. दाराबाहेर ठेवली. म्हणाली, बसा ताई, उन्हातून आलात. पाणी दिलं. मग स्वतः उंबऱ्यावर बसली, दार अडवून, आणि गोड आवाजात माझं नाव विचारलं, कुणी पाठवलं ते विचारलं, आणि मोठ्या मुलीला दवाखान्यात पिटाळलं, मी खरी का खोटी ते बघायला. मुलगी परत येईपर्यंत माझ्याशी गप्पा मारत बसली. मला भांडताही येईना, उठताही येईना. पाहुणचार चालला होता ना माझा!"

"मग?"

"मग काय. मुलगी आली, हो म्हणाली, मग बाळाला बाहेर आणलं. तिथेच टोचलं. तिचं घर मी आजतागायत आतून पाहिलेलं नाही." सासूबाईंच्या आवाजात अजून थोडी चरफड होती. "ती बाई तुझ्याकडे नोकरीला हवी होती."

नळ चालूच होता. सून ओल्या हातांनी उभी होती आणि बाहेरच्या खोलीतल्या जेवणाच्या टेबलाकडे बघत होती. टेबलाभोवती चार खुर्च्या होत्या.

खुर्च्या

कंपनीकडून खुर्च्या मिळायला अर्ज करावा लागला असता, अर्ज हिशेबसाहेबांकडे गेला असता, आणि महिना संपला असता. तिने सकाळी दोन खुर्च्या गाडीत कोंबल्या.

"आणि मी कुठे बसू?" नवऱ्याने विचारलं.

"तुम्ही आणि आई बसा. मी ओट्याशी जेवीन."

"किती दिवस?"

"चौदा जणांच्या नोकऱ्या पक्क्या होईपर्यंत."

एक खुर्ची गेटवर, एक दुसऱ्या दाराशी. 'नाही' ही सूचना तिने स्वतःच्या हाताने फाडली. त्या जागी काहीच लावलं नाही. सगळ्यांना समोर बसवून एवढंच सांगितलं: "काकूंना काकूच म्हणा. सलाम करायचा तर करा. पण त्यांना बसवा. पाणी द्या. शेजारी उभं राहून गप्पा मारा, आणि गप्पांत विचारा, कोण, कुठून, कुणाकडे. दरम्यान जोडीदाराने आत फोन लावायचा. आतल्या माणसाने स्वतः बाहेर येऊन घेऊन जायचं. आला नाही, तर काकू बसलेल्याच."

"गप्पा मारायच्या?" बडबडीने हात वर केला. "ड्युटीवर?"

"ड्युटीच ती."

बडबडीच्या तोंडावर जे पसरलं त्याला हसू म्हणणं अपुरं होईल.

तो

तो आला तो भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीनंतर, जेव्हा सगळ्यांच्या पापण्या जड असतात. वाकलेला, काठी टेकत, कानात बंद पडलेलं श्रवणयंत्र. आणि त्याच्या हाताला धरून, जपून चालवत आणत होते साक्षात हिशेबसाहेब.

सुरक्षाप्रमुखीण वरच्या खोलीत पडद्यावर बघत होती. वॉकीटॉकी तिच्या हातात होती.

"सोडा यांना," हिशेबसाहेब मिशीला म्हणाले. "माझ्या वडिलांचे जुने स्नेही. पार्किंगमध्ये भेटले. मशीन बंद पडलंय बिचाऱ्यांचं, दाखवून आणतो आत."

तिचा अंगठा बटणावर गेला. दाबलं असतं तर मिशीने ऐकलं असतं. पण मग आज आवाज तिचा असता, उद्या ती रजेवर असती. आणि हाच तो माणूस कशावरून? खरोखरचाच म्हातारा असेल. तर मग त्याला अडवल्यावर मिशीची नोकरी हिशेबसाहेबांच्या जिभेच्या टोकावर होती.

तिने अंगठा काढून घेतला. पडद्याचा आवाज तेवढा वाढवला.

"नमस्कार, आजोबा," मिशी म्हणाला, आणि खुर्ची पुढे सरकवली. "बसा."

"ऑं?" म्हातारा ओरडला. "ऐकू येत नाही, बाळा!"

बाळाच्या मिशीची टोकं थरथरली. त्याने आजोबांना खांद्याला धरून अलगद बसवलं, ग्लास हातात दिला, आणि कानाशी वाकून ओरडला, "नाव काय आपलं?"

"पाणी गोड आहे!"

"अहो, मी सांगतोय ना सोडा!" हिशेबसाहेब तडकले. "मला ओळखत नाही तुम्ही?"

"तुम्हाला ओळखतो, साहेब. तुमचं कार्ड आहे, तुम्ही खुशाल जा. यांना मी नाही ओळखत. यांचं नाव काय?"

हिशेबसाहेबांनी तोंड उघडलं. मग म्हाताऱ्याकडे बघितलं. मग पुन्हा मिशीकडे.

"म्हणजे... वडिलांचे स्नेही आहेत."

"हो, पण नाव?"

पडद्यावर सगळं स्पष्ट दिसत होतं: हातभर लांब टाय, कडक इस्त्रीचा शर्ट, आणि त्यात एका माणसाला हळूहळू घाम फुटत होता.

"बाथरूम!" म्हातारा मध्येच ओरडला. "आत आहे ना, बाळा? घाई आहे!"

"इथे गेटवरच आहे, आजोबा. आमचंच. चला, मी नेतो." मिशीने जोडीदाराला खूण केली, तो गेटवर उभा राहिला, आणि मिशी आजोबांना धरून घेऊन गेला. धरून परत आणलं. पुन्हा खुर्चीत बसवलं. मग आपल्या केबिनमधलं स्टूल ओढलं आणि ते हिशेबसाहेबांपुढे ठेवलं.

"दुरुस्तीवाल्यांना फोन लावलाय, साहेब. ते स्वतः खाली येऊन मशीन बघतील. तुम्हीही बसा. किती वेळ उभं राहणार?"

आणि हिशेबसाहेब, कुणास ठाऊक का, बसले.

मग म्हाताऱ्याने काठी मांडीवर आडवी ठेवली, कानातलं यंत्र काढलं, आणि पाठ ताठ करून अगदी हळू, अगदी साध्या आवाजात म्हणाला, "तुमच्या मालकीणबाईंना कळवा, मला आत जाता आलं नाही. आणि आणखी एक ग्लास पाणी मिळेल का?"

"देतो ना, आजोबा," मिशी म्हणाला. उठता उठता थबकला. "पण आधी नाव सांगा."

वरच्या खोलीत सुरक्षाप्रमुखीण खुर्चीत मागे रेलली. हातातली वॉकीटॉकी तिने टेबलावर ठेवून दिली.

पुन्हा पहिलं दार

विभाग राहिला. मालकीणबाईंनी शब्द पाळला. हिशेबसाहेबांनी पुढच्या बैठकीत हा विषय काढला नाही, आणि भीड हा शब्दही काढला नाही.

आठवड्याभराने, सकाळीच, गेटवर सासूबाई. हातात पिशवी. या खेपेला सोंग नव्हतं, सून डबा विसरली होती. त्या दिवशी बडबडीची पाळी गेटवर होती.

"या काकू, बसा! काय ऊन आहे ना? आमच्या शेजारणीच्या गच्चीवर तर..."

"अगं, मी आहे. ओळखतेस ना मला?"

"ओळखते की! बसा ना. कुणाकडे जायचंय?"

"ही माझ्या घरची खुर्ची आहे! जेवणाच्या टेबलाची!"

"म्हणूनच म्हटलं, सवयीची असेल. पाणी देऊ?"

सून वर पडद्यावर बघत होती. फोन हाताशी होता. एक शब्द पुरला असता: सोडा. सासूबाईंनी मान वर करून कॅमेऱ्याकडे थेट बघितलं, भुवया उंचावल्या, जणू विचारत होत्या, मग?

तिने फोनला हात लावला नाही. चालू असलेलं काम पूर्ण केलं, खोलीला कुलूप लावलं, तिसरं दार, दुसरं दार, पहिलं दार ओलांडून स्वतः खाली आली.

सासूबाई ताठ बसल्या होत्या, ग्लास रिकामा, आणि बडबडी शेजारणीच्या गच्चीवरून आता तिच्या नणंदेवर पोचली होती.

"काय हो आई," सून म्हणाली, "कुणाकडे आलात?"

"तुझ्याकडेच, मेले," सासूबाई म्हणाल्या, आणि डबा तिच्या हातात आपटला. पण उठल्या मात्र नाहीत. "जा तू वर. हिचं ऐकून होऊ दे आधी."