हौशीरामची शिंक

कामशेतच्या भातगिरणीत हौशीरामला बारा वर्षं झाली होती आणि बारा वर्षं तो शिंकत होता. इंजिनाचा पट्टा फिरू लागला, कोंड्याचा धुरळा उठला, की डोळे चुरचुरायचे, नाक गळायचं आणि मग ओळीने सात-आठ शिंका. लोणावळ्याच्या डॉक्टरने सांगितलं होतं, तुझ्या नाकाला ही धूळ सोसत नाही, गिरणी सोड. गिरणी सोडून खायचं काय, हे मात्र त्याने बाटलीत भरून दिलं नाही.

गावाला या नाकाची धास्ती होती. शुभकार्यात शिंक म्हणजे अपशकुन. म्हणून लोक हौशीरामला आदराने पानसुपारी देत आणि तितक्याच आदराने बाहेर बसवत. तो हसून बसायचाही. पण छत्तीस सालच्या फाल्गुनात त्याच्या लेकीच्या, हिरीच्या लग्नाची सुपारी फुटायची होती आणि त्याला एकदा तरी बापाच्या जागी बसायचं होतं.

त्याची बायको झुंबरबाई हुशार. तिने त्याला चार दिवस आधीच रजा काढायला लावली.

"गिरनीकडं बघायचंबी न्हाई," तिने बजावलं.

नाक खरंच कोरडं झालं. हौशीराम घरात नवरदेवासारखा मिरवू लागला.

सुपारीच्या दिवशी वडिवळ्याहून मुलाचे वडील भिमाजी आपला भाऊ नथू याला घेऊन आले. पाहुण्यांना नवा आंबेमोहोर वाढायचा म्हणून झुंबरबाईने सकाळीच ओटीवर दोन पायली तांदूळ पाखडले होते. त्याच ओटीवर तिने घोंगडी अंथरली आणि नवऱ्याला अगदी मधोमध बसवलं.

भिमाजींनी अडकित्त्यात सुपारी धरली आणि हौशीराम शिंकला. पुन्हा शिंकला. पाचव्या शिंकेला नथू उठून वहाणा शोधू लागला. झुंबरबाईचा चेहरा पडला.

हौशीरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो हात जोडून म्हणाला, "मी भाईर जातो. माज्या नाकापायी पोरीला नाकारू नगा."

"बसा पाव्हनं," भिमाजी म्हणाले. "आमचं भात कुटं भरडत्यात? तुमच्याच गिरनीत. तुमी शिंकल्याबिगर एक पोतं आमच्या घरात आलं न्हाई. ह्या नथूच्या लग्नाचं जेवानबी त्याच तांदळाचं. पाच पोरं झाली त्याला."

नथू गुपचूप खाली बसला.

हौशीरामला आणखी एक शिंक येऊ घातली होती. भिमाजी थांबले, ती होऊ दिली, आणि मग सुपारी फोडली.