जुळ्या बहिणीची लेक

कामिनीच्या शिकवणीत डीएनए फळ्यावर नाही, फरशीवर उभा राहायचा. शहराच्या कडेला, वाडी भागात, एका ट्रान्सपोर्टच्या गोदामावर तिची खोली होती. पुढच्या भागात शिकवणी, पडद्यामागे संसार. संसार कसला, एक खाट आणि एका माणसापुरती भांडी.

त्या शनिवारी तिने अकरावीच्या पोरांच्या छातीवर ए, टी, जी, सी अशी अक्षरं चिकटवली आणि समोरासमोर दोन रांगा केल्या.

"ए टीचाच हात धरेल, जी सीचाच. शेजाऱ्याच्या खांद्यावर दुसरा हात ठेवा. त्या झाल्या शिडीच्या बाजू, साखर आणि फॉस्फेटच्या. मधले हात म्हणजे पायऱ्या. आता शिडीला पीळ द्या."

पीळ देताना दोघं पडले. दरवर्षी कोणीतरी पडतंच. मग तिने हात सोडायला लावून रांगा दूर केल्या.

"पेशी दुभागायच्या आधी असंच होतं. प्रत्येक रांग आपल्यासमोर नवी जोडीदार रांग उभी करते, म्हणून एकाच्या दोन सारख्या प्रती होतात. आणि कोणतं प्रथिन कसं बनवायचं, ते या अक्षरांच्या क्रमात लिहिलेलं असतं. क्रम बदलला की कृती बदलली."

रोशनी नावाची पोरगी शंका काढण्यात पटाईत. ती म्हणाली, "मॅडम, जुळ्या बहिणींचा डीएनए सेम राहते नं? मंग एकीचं लेकरू कोनाचं, टेस्टवाल्याले कसं समजन?"

"एकाच अंड्यातून झालेल्या जुळ्या असतील तर साध्या टेस्टला नाही समजणार," कामिनी म्हणाली. "ती दोघींनाही आई म्हणेल."

बोलली खरी, पण पुढे तिला शिकवता येईना. पोरांना लवकर सोडून ती पडद्यामागे जाऊन बसली.

दामिनी तिची जुळी. दोघी इतक्या सारख्या की वडील शेवटपर्यंत नावांत चुकत राहिले. दोन वर्षांपूर्वी दामिनी डेंग्यूने गेली, मागे तीन वर्षांची नूपुर ठेवून. नातीला सांभाळायला प्रेमिलाबाई, या दोघींची आई, जावयाकडे मनीषनगरात राहायला गेल्या. पोरगी रडायची थांबेना, तेव्हा त्यांनी तिला सांगितलं, आई नोकरीवर गेली आहे, येईल. म्हातारीने एक लबाडी केली आणि मग तिलाच पोसत बसली. पुढे कामिनी भेटायला गेली तर नूपुर "आई" म्हणून बिलगली. प्रेमिलाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. चूक कोणीच सुधारली नाही, कामिनीनेही नाही. त्यानंतर तिने जाणंच कमी केलं.

आणि आता आईने फोनवर टुमणं लावलं होतं. "जावई तयार आहेत. लग्न करून ये नं वं इथंच. पोरीले कधी समजनारबी नाही. तू तरी काहून एकटी पडून राहिली तिथं?"

लग्नाची तिला ओढ नव्हती; दामिनीचा नवरा सुशीलराव भला माणूस होता, एवढंच. नूपुर मात्र तिला हवी होती. एकटीचं जेवण ताटात वाढून घेताना तर फारच हवी होती. आणि आज तिच्याच तोंडून निघालं होतं, टेस्ट दोघींनाही आई म्हणेल. मग खोटं कुठे होतं? रक्तानं ती आईच होती. शिकलेल्या माणसाला स्वतःची समजूत घालायला पुरावाही लगेच सापडतो.

रविवारी सकाळी तिने दामिनीसारखा मधोमध भांग पाडला, दामिनी लावायची तशी मोठी मरून टिकली लावली आणि मनीषनगरला गेली. सुशीलराव बाहेर गेले होते. प्रेमिलाबाई तिच्याकडे बघतच राहिल्या.

"नूपुर, पाह्य कोन आलं."

"आई," नूपुर म्हणाली आणि शहाण्यासारखी तिच्या मांडीवर येऊन बसली. प्रेमिलाबाई डोळे पुसत चहा ठेवायला आत गेल्या.

आजी आत गेल्याची खात्री करून नूपुर मांडीवरून उतरली.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "आजीपुढं मी तुले आईच म्हणते, हं. नाही म्हटलं तं आजी रडते."

कामिनीने विचारलं, "तुला केव्हापासून माहीत आहे?"

"मले पयलेपासून मालूम आहे." नूपुर तिचं तोंड निरखत होती. "तू काहून रडून राहिली? तुले पाह्यजे का? मी तुझ्यासाठीबी आई म्हणीन."

पाच वर्षांची पोर. घरातल्या मोठ्यांचं दुःख सांभाळायचं काम तिने आपल्याकडे घेतलं होतं आणि आता त्यात आणखी एकीची सोय करत होती. कामिनीला स्वतःची लाज वाटली.

प्रेमिलाबाई चहा घेऊन आल्या. नूपुर झटकन परत मांडीवर चढली. "आई, चहा घे."

"मावशी म्हण," कामिनी म्हणाली. मग आईकडे वळली. "तिले सगळं मालूम आहे, आई. तू रडशील म्हणून ती म्हणते. आता बस कर."

प्रेमिलाबाईंनी ट्रे खाली ठेवला. पदर तोंडाशी गेला. नूपुरने घाबरून आजीकडे पाहिलं, तिचे ओठ पुन्हा तो शब्द म्हणायला हलले.

"रडू दे आजीले," कामिनी तिला जवळ घेत म्हणाली. "ते तुझं काम नाही, बेटा."

नूपुर जरा वेळ ताठ बसून राहिली. मग तिचं अंग ढिलं पडलं आणि ती मोठ्याने रडू लागली. मावशीच्या गळ्याला घट्ट मिठी मारून ती आईला हाका मारत होती.