सातवं निळं

"पॉइंट सापडत नाहीयेत," ती म्हणाली.

"कोणाशी बोलतेयस, आई?" आतल्या खोलीतून लेकीने विचारलं.

"आभाळाशी."

"छान. तेवढंच राहिलं होतं."

लेक बॅग भरत होती, आईची. उद्या सकाळी आईला आपल्या घरी न्यायचं आणि ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना दाखवायचं, असं तिने ठरवून टाकलं होतं. आईने नाही म्हटलं नव्हतं. अट एकच घातली होती: वाचनालयाच्या गच्चीचं चित्र पुरं करून निघायचं. नवऱ्याचं शेवटचं काम. महिना झाला, कार्ड कॅमेऱ्यातच पडून होतं.

नवरा फोटोग्राफर. गच्चीवर स्टँड लावायचा आणि कॅमेरा गोल फिरवत तुकड्यातुकड्यांनी सगळा परिसर टिपायचा. ती घरी बसून ते तुकडे असे जोडायची की बघणाऱ्याला वाटावं, आपण मधोमध उभे आहोत, मान वळवू तिकडे दिसतंय. "मी तुकडे आणतो, ही शिवते," असं तो लोकांना सांगायचा. एक शेजारीण खरोखरच ब्लाउजचं कापड घेऊन आली होती. मापासकट.

भिंत शिवणं सोपं. तिला कोपरा असतो, पोपडे असतात. दोन फोटोंत तोच पोपडा दिसला की कॉम्प्युटर तो पॉइंट धरून जोडून टाकतो. ढगाची चिंधी असली तरी भागतं. निरभ्र आभाळात धरायला काहीच नसतं, तिथे कॉम्प्युटर हात वर करतो. मग ती अंदाजाने नाही, हिशेबाने बसवायची: आभाळाचे फोटो सहा, प्रत्येक साठ अंशांवर. साही बसले की वर्तुळ पुरं.

साही बसले.

खाली आणखी एक होता. सातवा. निळा.

सातव्याला जागाच नव्हती. तिने तो सहाव्यावर ठेवून पाहिला. दोन्ही तंतोतंत एक. म्हणजे सहाव्यानंतर कॅमेरा हललाच नव्हता.

तिने माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"आई, ही जाड शाल घेऊ का गं?"

"घे."

"आणि परत ते ऐकू आलं तर मला सांगायचं. मनात ठेवायचं नाही. भास होतात अशा वेळी, त्यात लाजायचं काय? औषधाने जातात."

ते, म्हणजे क्लिक.

त्या दिवशी ती गच्चीच्या दाराआड, जिन्यात उभी होती. चित्रात कोणी येऊ नये म्हणून हाक येईपर्यंत दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही, हा त्याचा जुना नियम. तिच्या हातात त्याची पाण्याची बाटली होती. बाहेर क्लिक वाजत होतं. कॅमेरा हलू नये म्हणून तो हातातल्या रिमोटने फोटो घ्यायचा. आधी एकेक क्लिक, नेहमीसारखं. मग थोडा वेळ काहीच नाही. आणि मग दोन-दोन. क्लिक-क्लिक. थांबून पुन्हा क्लिक-क्लिक. उजेड बदलला असेल, म्हणून दोनदा घेत असतील, असं तिला वाटलं. चाललंय काम, चालू दे.

क्लिक थांबले, म्हणजे काम झालं, म्हणून ती दार ढकलून गच्चीवर गेली होती.

डॉक्टर म्हणाले, हृदय अचानक बंद पडलं, त्यांना कळलंसुद्धा नसेल. लेकीने ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ती तेच सांगत होती: बाबा उभ्या उभ्या गेले, एका क्षणात. सांगताना तिचा आवाज शांत व्हायचा, आणि त्या रात्रीपुरती झोपही लागायची. मग आईने एकदा विचारलं, "एका क्षणात गेले, तर क्लिक कोण करत होतं?" आणि डॉक्टरीणबाईंची वेळ ठरली.

आईने सातव्यापासूनचे उरलेले फोटो उघडले. प्रत्येकाखाली वेळ होती.

११:३४ निळं.
११:३४ निळं.

११:३५ निळं.
११:३५ निळं.

११:३७ निळं.
११:३७ निळं.



११:४१ निळं.
११:४१ निळं.





११:५२ निळं.

एवढंच. दोन-दोनच्या चार जोड्या आणि एक सुटा. सुट्याचा जोडीदार शोधायला ती खाली गेली. कार्ड संपलं होतं.

तो आडवा पडला होता. तोंडातून आवाज फुटत नव्हता, पण अंगठा रिमोटवर होता. दाराआड ती आहे हे त्याला माहीत होतं. दोन-दोन तो कधीच घेत नसे, हेही तिला माहीत असायला हवं होतं. दारापासून स्टँडपर्यंत बारा पावलं. अठरा मिनिटं.

खोलीत ऊन होतं. पंखा बंद होता. कुठेतरी, अगदी जवळ, क्लिक-क्लिक झालं. या वेळी ती दचकली नाही.

लेक बॅगची चेन ओढत दारात आली. "झालं का? किती फोटो होते गं आभाळाचे?" तिने सहज विचारलं, पण चेन अर्ध्यातच थांबली होती.

ती लेकीच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. नाक सगळं त्याचं होतं.

"सहा."

"सहाच?"

"नेहमीसारखे."

लेकीने श्वास सोडला. "बघ. म्हणजे भासच."

"भासच गं. दाखवू त्या बाईंना. गोळ्या देतील त्या घेईन."

लेक आत गेल्यावर तिने आठ फोटो पुसून टाकले. नववा ठेवला. सहाच्या सहा बसवले तरी डोक्यावर, अगदी मधोमध, ताटलीएवढं भोक उरतं. एरवी ती तिथे रंग भरायची. आज तिथे तिने ११:५२ ठेवला. पॉइंट सापडले नाहीत. हातानेच सरकवत, फिरवत बसवला. निळं निळ्यात मुरलं.

संध्याकाळी वाचनालयाच्या सेक्रेटरींचा फोन आला. चित्र पोचलं होतं, मंडळींनी गोल फिरवून, खालीवर करून पाहिलं होतं.

"वहिनी, आभाळ काय सुरेख आलंय हो! एक डाग नाही. कुठे जोडलंय ते शोधूनही सापडत नाही."

"हो," ती म्हणाली. "अगदी मोकळं होतं त्या दिवशी."