खिडकीतला फोन

थोरलीच्या छातीत पेसमेकर बसवून तिला घरी आणलं, तेव्हा तिच्या मुलानं चप्पल काढायच्या आधीच विषय काढला. "आई, आता तू माझ्याकडे चल. इथं तुला एकटीला ठेवायचं मला धाडस होत नाही."

"एकटी कुठं? ही आहे की," थोरलीनं धाकटीकडे हनुवटी उडवली.

धाकटी म्हणजे तिची जाऊ. दोघींचे नवरे मागेपुढे गेले, मुलं आपापल्या वाटेला लागली, आणि दोन खोल्यांच्या त्या घरात दोघीच उरल्या. थोरलीची उमर औषधांच्या कारखान्यात, पॅकिंग खात्यात गेली. धाकटी घरीच लोकांचे कपडे इस्त्री करायची आणि गठ्ठे घरोघर पोचवायची. दोघींचं भांडण रोज व्हायचं, पण अबोला कधी धरला नव्हता. तेवढा वेळ दोघींनाही नव्हता.

"काकू कपडे पोचवायला गेली होती, तेव्हाच तू पडलीस ना?" मुलगा म्हणाला. "मोबाइल होता. कुणाला लावलास?"

थोरलीनं आपल्या बोटांकडे पाहिलं. खोकी बांधून बांधून तिची बोटं आखडली होती. मोबाइलच्या काचेवर बोट टेकवलं की फोन भलत्यालाच लागायचा. त्या दिवशी ती ओट्यापाशी जमिनीवर पडून होती, आणि मोबाइल आतल्या खोलीत गादीच्या घडीत. धाकटी परत आली म्हणून निभावलं.

"तुझ्याकडे तरी दिवसा कोण असतं रे?" ती म्हणाली. "तू कामावर, सूनबाई कामावर. दिवसभर काय, पंख्याशी गप्पा मारू?"

मुलगा हसला नाही. पण गेला तो तिला न घेताच गेला, आणि थोड्याच दिवसांत त्याच्याकडून एक खोकं आलं. खोक्यात बिनतारी टेबलफोन होता. दिसायला जुन्या फोनसारखाच, रिसीव्हर आणि बिस्किटाएवढी मोठी बटणं. पण भिंतीतून तार घ्यायची गरज नाही, पोटात सिमकार्ड घातलं की झालं. सोबत मुलाचा निरोप होता, तोही फोनवरून, धाकटीच्या मोबाइलवर: "आई, मी रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत फोन करीन. तू उचललास की मी निश्चिंत. ज्या दिवशी उचलणार नाहीस, त्या दिवशी संध्याकाळी मी दारात उभा असेन, आणि मग तुझं काही ऐकणार नाही."

"पोलीसचौकीतल्या हजेरीसारखंच झालं की हे," धाकटी म्हणाली.

"हजेरी तर हजेरी. घर तर सुटत नाही," थोरली म्हणाली. त्या खोक्यावरून तिनं असा हात फिरवला, की धाकटीनं पुढचा टोमणा गिळला.

कोपऱ्यावरच्या फोनच्या दुकानातली मुलगी घरी येऊन फोन लावून गेली. तिचे कपडे धाकटीकडेच इस्त्रीला असत. तिनं सिम सरकवलं, मागची अँटेनाची दांडी उभी केली, चार्जर जोडून एका मोठ्या बटणावर मुलाचा नंबर बसवून दिला आणि शेजारच्या बटणावर डॉक्टरांचा. बॅटरी थोरलीच्या हातात देऊन ती काहीतरी सांगत होती, तेवढ्यात तिचाच मोबाइल वाजला आणि ती बोलत बोलत दाराबाहेर गेली. थोरलीनं बॅटरी आपल्या हातानं खाचेत बसवली आणि झाकण टक्कन लावलं. असली कामं तिच्या हातची.

आता फोन ठेवायचा कुठं? मुलगी परत आत आली, फोन दोन्ही हातांत घेऊन घरभर हिंडली आणि नवी बॅटरी भरलेली नसणार म्हणून जागोजागी चार्जर लावून पडद्यावरच्या सिग्नलच्या रेघा मोजत राहिली. थोरलीच्या खाटेपाशी एकच रेघ, तीही जात-येत होती. ओट्यावर रेघा भरपूर.

"इथं नको," मुलगी म्हणाली. "एकीकडे शेगडी, एकीकडे नळ. पाणी उडालं तर फोन जाईल, आणि ओल्या हातानं प्लगला हात लावलात तर तुम्ही जाल."

"ही वाटच बघतेय," थोरली धाकटीकडे बघून म्हणाली.

"बघतेय तर! इस्पितळात डबे कुणी पोचवले मग?"

शेवटी सगळ्या रेघा उभ्या राहिल्या त्या बाहेरच्या खोलीच्या खिडकीत. आणि खिडकीत धाकटीचं इस्त्रीचं टेबल होतं. लग्न होऊन आली तेव्हापासून ते तिथंच होतं. तिथं उजेड चांगला यायचा, कापडावरचा बारीकसा डागही दिसायचा, आणि रस्त्यावर कोण कुठं चाललंय तेही. फोन इस्त्रीच्या वाफेत आणि धगीत ठेवायचा नाही, असं मुलीनं सांगितलं. म्हणजे टेबल तरी हलवायचं, नाहीतर फोन तरी.

टेबल हलव म्हणायला थोरलीला तोंड नव्हतं. दुसऱ्याच्या पोटावर पाय देऊन आपण घरात राहायचं, हे तिला पटत नव्हतं.

धाकटीनं पदर खोचला. "धर गं पोरी तिकडून."

टेबल आतल्या भिंतीला, बल्बखाली गेलं. खिडकीत स्टूल आलं, स्टुलावर फोन. मुलगी जाताना पुन्हापुन्हा सांगत होती, "आजी, पेसमेकर डावीकडे आहे ना? मग रिसीव्हर उजव्या कानाला. फोन मांडीवर नाही, छातीवर तर मुळीच नाही. स्टुलावर असेल तिथं जाऊन बोलायचं. त्यावर फडकं टाकू नका, गरम होईल. आणि याचाच चार्जर लावायचा, दुसरा कुठलाही नाही."

त्या दिवसापासून घराला एक नवी वेळ आली. जेवणं लवकर आटोपून थोरली खिडकीत खुर्ची घेऊन बसायची. पहिल्यांदा फोन वाजला तेव्हा ती इतकी दचकली की धाकटीच ओरडली, "अहो ताई, उजवा कान! उजवा!" पलीकडून मुलगा म्हणाला, "आई, जेवलीस?" एवढंच. पण इस्पितळातून आल्यापासून थोरलीला पोटभर जेवल्यासारखं वाटलं ते त्या दिवशी. मनात तिनं मुलाला धन्यवाद दिले, दुकानातल्या मुलीला दिले, आणि सगळ्यात जास्त दिले ते भिंतीकडे तोंड करून इस्त्री फिरवणाऱ्या त्या पाठीला. तोंडानं मात्र म्हणाली, "बल्बखाली दिसतं का तुला? सकाळीच एका कॉलरची कड करपवलीस."

"कड करपली तर करपली. माणूस करपलं नाही ना," धाकटी म्हणाली.

असे बरेच दिवस सुखात गेले. मग एका दिवशी फोन वाजलाच नाही.

एरवी धाकटी कपडे पोचवायला संध्याकाळी जायची. त्या दिवशी एका गिऱ्हाइकाला गावाला निघायचं होतं, म्हणून ती सकाळीच दिवसभराचे सगळे गठ्ठे उचलून बाहेर पडली. थोरली नेहमीसारखी खिडकीत बसली. समोरच्या शाळेतली पोरं मधल्या सुट्टीत बाहेर आली आणि आतही गेली. मुलाची जेवणाची सुट्टी सरली असणार. तिनं रिसीव्हर उचलून कानाला लावला. आत काहीच नव्हतं. पडदाही काळा.

ती खुर्चीतून उठली. आता तो निघाला असेल. संध्याकाळी दारात उभा राहील, आणि या वेळी आपलं काही चालणार नाही. कुठं चुकलं आपलं? फडकं टाकलं नव्हतं. पाणी सांडलं नव्हतं. तिनं हातात वायर धरली आणि चाचपत चाचपत तिच्यामागे गेली. वायर भिंतीपर्यंत गेली, आणि तिथं प्लग बोर्डाबाहेर लोंबत होता. शेजारी इस्त्रीचा प्लगही तसाच लोंबत होता.

मग तिला सगळं कळलं. धाकटी बाहेर जाताना घरातले सगळे प्लग काढून जायची. तरुणपणी एकदा इस्त्री चालू राहून एका साहेबाचा कोट आणि अर्धं टेबल जळालं होतं. तेव्हापासून दाराबाहेर पाय टाकायच्या आधी तिचा हात आपोआप बोर्डाकडे जायचा. संध्याकाळी जायची तेव्हाही ती प्लग काढायची, आल्यावर लावायची. तेवढ्या वेळात फोन कधी आलाच नव्हता, म्हणून कुणाला कळलं नाही.

थोरलीनं हात कोरडे पुसले आणि प्लग लावला. पडदा उजळला. मुलाच्या बटणावर तिनं बोट दाबून धरलं.

"आई!" पलीकडे गाड्यांचा गोंगाट होता. "ठीक आहेस ना? काकूचाही मोबाइल लागेना!"

"ती तो बंद करून घरीच ठेवून जाते, गठ्ठ्यात हरवतो म्हणून. मी धडधाकट आहे. तू कुठं?"

"बसमध्ये."

"मग उतर की."

"नाही आई, आता येतोच. ठरलं होतं आपलं."

संध्याकाळी तो आला तो हातात रिकामी मोठी बॅग घेऊन. बॅग बघूनच धाकटीचा चेहरा पडला. ती तासाभरापूर्वीच घरी आली होती आणि तिला सगळं समजलं होतं.

"प्लग माझ्याकडून निघाला," थोरली घाईघाईनं म्हणाली. "झाडताना पाय अडकला."

"ताई, खोटं बोलताना तुमचा डावा डोळा फडफडतो, आणि पोरगं तुमचंच आहे, त्याला ते माहीत आहे," धाकटी म्हणाली. मग ती पुतण्याकडे वळली. "प्लग मी काढला. हाताला सवय आहे. शिक्षा करायची तर मला कर. हिला कशाला नेतोस?"

"शिक्षा कसली, काकू?" मुलगा थकून खुर्चीत बसला. "पण प्लग निघाला म्हणून फोन बंद का पडावा? वीज गेली तरी चालतो, म्हणून तर हा घेतला. आत बॅटरी आहे."

त्यानं फोन उलटा केला आणि मागचं झाकण उघडलं. बॅटरी काढून उजेडात धरली. तिच्या तोंडावर कारखान्यातून आलेली पारदर्शक प्लास्टिकची पट्टी जशीच्या तशी होती. ती काढल्याशिवाय बॅटरीत वीज जात नाही की येत नाही.

"ही कुणी ठेवली?"

आता थोरलीचा चेहरा पडला. "सील आहे ते," ती हळूच म्हणाली. "सील मोडलं तर माल परत घेत नाहीत."

धाकटी जी हसत सुटली ती भिंत धरूनच थांबली. "जन्मभर हिनं सीलं लावली आणि मी प्लग काढले! दोघींनी मिळून फोनचा जीव घेतला की!" मुलगाही हसला. थोरली मात्र हसताना डोळे पुसत होती, कारण बॅग अजून दारातच होती.

मुलानं पट्टी सोलून काढली, बॅटरी नीट बसवली आणि प्लग लावला. "रात्रभर भरू दे. सकाळी बघू."

धाकटीनं आपल्या डब्यातून लाल दोरा काढला आणि फोनच्या प्लगभोवती घट्ट गुंडाळला. गिऱ्हाइकांचे कपडे एकमेकांत जाऊ नयेत म्हणून ती प्रत्येक घराच्या कपड्यांना वेगळ्या रंगाचा टाका घालायची, आणि एका घराचा कपडा दुसऱ्या घरी गेला, असं तिच्या हातून कधी झालं नव्हतं. "लाल कुणालाच दिलेला नाही," ती म्हणाली. "आता हा ताईंचा. माझा हात दुसऱ्याच्या रंगाला लागत नाही."

सकाळी चहा झाल्यावर मुलानं स्वतःच फोनचा प्लग काढला. वायर हवेत लोंबत राहिली. "मी खाली रस्त्यावर जातो आणि फोन लावतो," तो म्हणाला. "वाजला तर तू इथंच राहा, आई. नाही वाजला तर कपडे भरायचे. कबूल?"

"कबूल," थोरली म्हणाली.

तो जिना उतरून गेला. दोघी जावा खिडकीत उभ्या राहिल्या. खाली तो फाटकापाशी थांबला, त्यानं खिशातून मोबाइल काढला, मान खाली घातली. धाकटीनं थोरलीचं मनगट पकडलं. इतकं घट्ट, की नाडीच तपासतेय असं वाटावं.

फोन वाजला.

थोरलीनं रिसीव्हर उजव्या कानाला लावला. मुलगा खालून वर बघत होता. "आई?"

तिला खूप काही सांगायचं होतं. तू फोन घेतलास, अर्ध्या रस्त्यातून परत फिरला नाहीस, दिलेला शब्द पाळलास. यातलं एकही वाक्य तोंडातून निघेना. "थांब," ती शेवटी म्हणाली. "आधी हिच्याशी बोल. तिच्या खिडकीत बसून मी रोज तुझ्याशी बोलते, आणि तिला अजून कुणी फोनवर बोलावलंच नाही."

धाकटी मागं सरली. "मी काय बोलू? मला नको!" पण थोरलीनं रिसीव्हर तिच्या हातात दिलाच.

धाकटीनं तो कानाला लावला, आणि खाली रस्त्यावर उभा असलेला पुतण्या काय म्हणाला कोण जाणे, ती बराच वेळ नुसतीच ऐकत राहिली. मग पदराच्या टोकानं नाक पुसून म्हणाली, "पुरे, पुरे. आभार कसले मानतोस? वर ये आधी. तुझ्या त्या शर्टाची काय दशा झालीय बसमध्ये, इथून दिसतेय मला. काढून दे, इस्त्री मारते. आणि ती बॅग आणलीस तशीच रिकामी घेऊन जा."